देशात बनलेली वस्तू निवडताना: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

देशात बनलेल्या वस्तू विकत घेऊन अर्थव्यवस्थेला हातभार लावावा, असा निश्चय करणे सोपे असते. पण दुकानात उभे राहिल्यावर हातातली वस्तू देशी आहे की नाही, हेच कळेनासे होते. ब्रँडचे नाव देशी असते आणि माल बाहेरून आलेला असतो. कधी याच्या उलट, कंपनी परदेशी पण कारखाना देशातला आणि त्यात काम करणारी माणसेही देशातलीच, असे असते. या लेखात अशा निवडीची पद्धत क्रमाने मांडली आहे आणि तिच्यासाठी एकच निकष धरला आहे: आपण दिलेल्या पैशांपैकी किती वाटा मजुरी, कच्चा माल, नफा आणि कर या रूपांनी देशातच राहतो. लेबल, झेंडा आणि जाहिरात या त्या वाट्याकडे बोट दाखवणाऱ्या खुणा आहेत. त्यांतील काही भरवशाच्या असतात आणि काही नसतात.

पहिली पायरी: पैसा कुठे जातो ते समजून घ्यावे

आपण एखाद्या वस्तूसाठी दिलेली रक्कम एकाच माणसाच्या खिशात जात नाही. दुकानदार आपला नफा, भाडे आणि नोकरांचे पगार काढून घेतो, उरलेली रक्कम घाऊक व्यापाऱ्याकडे जाते आणि तिथून उत्पादकाकडे. उत्पादक त्यातून कामगारांना मजुरी देतो, वीज घेतो, कच्चा माल आणि सुटे भाग विकत घेतो. यांपैकी जे पैसे देशातल्या माणसाला मिळतात, त्यांचा काही भाग तो पुन्हा देशातच खर्च करतो आणि तीच रक्कम आणखी कोणाचे तरी उत्पन्न होते. जे पैसे आयातीसाठी बाहेर जातात ते या फेऱ्यांतून गळतात. ब्रिटनमधील न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशन या संस्थेने 2002 च्या सुमारास याच विचारावर एक सोपी मोजपट्टी तयार केली. ‘एलएम 3’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत पैशाच्या फक्त पहिल्या तीन फेऱ्या मोजतात. ती मुळात एखाद्या गावासाठी किंवा परिसरासाठी होती, परंतु देशाच्या हिशेबालाही तोच तर्क लागू पडतो.

पैसा असा हातोहात फिरल्याने एकूण उत्पन्न मूळ रकमेच्या पटीत वाढते. मात्र या गुणाकाराबद्दल फार मोठ्या अपेक्षा ठेवू नयेत. लहान आणि व्यापारावर अवलंबून असलेल्या देशात गळती जास्त असते, म्हणून गुणाकार लहान राहतो. शिवाय देशातले कारखाने आधीच पूर्ण क्षमतेने चालू असतील आणि कुशल कामगार मिळत नसतील, तर वाढलेल्या मागणीने उत्पादन वाढण्याऐवजी किंमत वाढते. यंत्रे अर्धवेळ बंद आहेत आणि माणसे कामाच्या शोधात आहेत, अशा काळात देशी खरेदीचा उपयोग सर्वांत जास्त होतो.

दुसरी पायरी: आपल्या खर्चाची यादी करावी

मागील तीन महिन्यांची बिले, बँकेचे विवरण आणि ऑनलाइन खरेदीची नोंद समोर घेऊन बसावे आणि खर्चाचे तीन गट करावेत. पहिल्या गटात घरभाडे, शिक्षणाची फी, डॉक्टर, केशकर्तन, शिलाई, दुरुस्ती अशा सेवा येतील. हा खर्च बहुतांशी आपोआपच देशात राहतो, त्यामुळे त्यात फेरबदल करण्याची गरज नसते. दुसऱ्या गटात ज्यांना देशी पर्यायच नाही किंवा ज्यांचा पुरवठा आपल्या हातात नाही, अशा गोष्टी येतील. खनिज तेल न सापडणाऱ्या देशातले इंधन हे त्याचे सरळ उदाहरण आहे. खरा निवडीचा वाव तिसऱ्या गटात असतो: कपडे, पादत्राणे, फर्निचर, भांडी, अंथरूण-पांघरूण, साबण आणि स्वच्छतेची साधने, खेळणी, लेखनसाहित्य, घरगुती उपकरणे.

या तिसऱ्या गटातही सगळ्याच वस्तूंमागे लागू नये. रकमेप्रमाणे उतरता क्रम लावला, तर वर्षभराच्या खर्चाचा मोठा भाग थोड्याच वस्तूंत अडकलेला दिसतो. पेनाच्या रिफिलचा मूळ देश शोधण्यात तास घालवून कपाटाची खरेदी डोळे झाकून करणारे लोक कमी नाहीत. पहिल्या वर्षी यादीतल्या वरच्या चार-पाच वस्तूंवर लक्ष दिले तरी पुरेसे आहे.

तिसरी पायरी: ‘देशी’ म्हणजे काय, हे स्वतःशी ठरवावे

वस्तू कुठे बनली, कशापासून बनली आणि ती बनवणारी कंपनी कोणाच्या मालकीची आहे, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे तीन वेगवेगळ्या देशांकडे नेऊ शकतात. 2010 साली आशियाई विकास बँकेच्या संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात 2009 च्या आयफोनचा हिशेब मांडला होता. त्या फोनचा एकूण उत्पादनखर्च 178.96 डॉलर होता, परंतु चीनमध्ये होणाऱ्या जुळणीचा वाटा त्यात फक्त 6.50 डॉलर, म्हणजे चार टक्क्यांहूनही कमी होता. बाकीची रक्कम जपान, दक्षिण कोरिया, जर्मनी, अमेरिका अशा देशांतील सुट्या भागांच्या उत्पादकांकडे जात होती. तरीही फोन चीनमधून निर्यात झाला म्हणून व्यापाराच्या आकडेवारीत सगळी किंमत चीनच्या नावावर लागली. जुळणी आपल्या देशात झाली एवढ्यावर समाधान मानणाऱ्याने हे प्रमाण लक्षात ठेवलेले बरे, कारण इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये ते पुष्कळदा असेच असते. कारखान्याबरोबर पुढे सुटे भाग बनवणारेही येतात, हे खरे असले तरी ते आपोआप घडत नाही आणि त्याला वर्षे लागतात.

या तीन प्रश्नांत कशाला किती महत्त्व द्यावे, याबद्दल मतभेद आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते पहिले स्थान उत्पादनाच्या जागेला, दुसरे कच्च्या मालाला व सुट्या भागांना आणि तिसरे मालकीला द्यावे. सर्वसाधारण कारखानी वस्तूत मालकाचा निव्वळ नफा हा विक्रीच्या किमतीचा लहानसा भाग असतो, तर मजुरी आणि माल यांचा वाटा त्यापेक्षा पुष्कळ मोठा असतो. त्यामुळे परदेशी मालकीच्या पण देशात कापड विणून, शिवून, पॅक करून निघालेल्या चादरीने देशात जास्त पैसा राहतो. देशी नावाच्या कंपनीने तयार आयात करून केवळ आपले लेबल लावलेल्या चादरीने कमी. अत्तरे, मोठ्या ब्रँडचे बूट, सॉफ्टवेअर अशा ज्या गोष्टींत नावाची किंवा हक्कांची किंमत मोठी असते, तिथे मात्र मालकीचा प्रश्न वर येतो.

चौथी पायरी: लेबल वाचायला शिकावे

खोक्याच्या दर्शनी बाजूवर जे मोठ्या अक्षरांत असते ते विक्रीसाठी असते, आणि मागे किंवा तळाशी जे बारीक अक्षरांत असते ते कायद्यासाठी असते. सुरुवात नेहमी मागच्या बाजूने करावी. टेबल फॅनचे खोके हातात घेतले आहे, असे समजू. समोर देशाच्या झेंड्याचे रंग आणि ‘आपल्या देशासाठी खास’ असे शब्द आहेत. यातून उत्पादनाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. खोके उलटले की कंपनीच्या पत्त्याआधी येणारा शब्द पाहावा. ‘उत्पादक’ असे लिहिले असेल तर तो पत्ता कारखान्याशी संबंधित असण्याची शक्यता आहे. ‘विपणन’, ‘वितरक’ किंवा ‘वेष्टक’ असेल तर तो पत्ता केवळ विकणाऱ्याचा किंवा खोक्यात भरणाऱ्याचा आहे. आणि ‘आयातदार’ असेल तर प्रश्नच मिटला. त्यानंतर पंखा बाहेर काढून मोटरच्या मागे लावलेली पट्टी पाहावी. खोके देशात छापलेले असते, पण मोटरच्या पट्टीवर पुष्कळदा तिचा स्वतःचा मूळ देश लिहिलेला सापडतो. शेवटी तारेच्या टोकाचा प्लग आणि रेग्युलेटर पाहिला, की त्या पंख्याबद्दल दुकानात जेवढे कळू शकते तेवढे बहुतेक कळलेले असते.

‘अमुक देशात बनलेले’ या शब्दांचा अर्थ सगळीकडे सारखा नसतो, आणि इथे नवख्या माणसाची सर्वांत जास्त फसगत होते. अमेरिकेत कोणतीही पुस्ती न जोडता असा दावा करायचा असेल, तर वस्तू ‘सर्व किंवा जवळजवळ सर्व’ अमेरिकेत बनलेली असली पाहिजे, असा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचा दंडक आहे आणि 2021 पासून लेबलांसाठी तो नियमाच्या रूपात लागू आहे. स्वित्झर्लंडमध्ये 2017 पासून लागू असलेल्या तरतुदींनुसार औद्योगिक वस्तूच्या उत्पादनखर्चाचा किमान 60 टक्के भाग देशात झालेला असावा लागतो, म्हणजे उरलेले 40 टक्के बाहेरचे असले तरी चालते. अमेरिकेतील नव्या मोटारींवर 1992 च्या कायद्यान्वये सुट्या भागांची टक्केवारी लिहावी लागते, पण ती टक्केवारी अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांची मिळून असते. भारतात सरकारी खरेदीसाठी 2017 चा एक आदेश आहे आणि त्यात 2020 मध्ये झालेल्या बदलांनंतर किमान 50 टक्के स्थानिक मूल्य असलेला पुरवठादार पहिल्या वर्गात आणि 20 ते 50 टक्क्यांमधला दुसऱ्या वर्गात मोडतो. ऑस्ट्रेलियात तर खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर कांगारूच्या चिन्हाखाली एक पट्टी छापलेली असते आणि तिच्यावरून किती टक्के घटक देशातले आहेत, हे एका नजरेत कळते. असे टक्केवारी सांगणारे लेबल झेंड्याच्या चित्रापेक्षा केव्हाही चांगले. आपल्या देशातला नियम नेमका काय म्हणतो, हे एकदा ग्राहक विभागाच्या किंवा वजनमापे विभागाच्या संकेतस्थळावर वाचून ठेवावे.

‘इथे डिझाइन केलेले’ आणि ‘इथे जुळणी केलेले’ हे शब्द ‘इथे बनलेले’ या शब्दांची जागा घेऊ शकत नाहीत, हे वेगळे सांगायला नको. कपड्यांच्या बाबतीत शिलाई एका देशात आणि कापड दुसऱ्या देशातले, ही नेहमीची गोष्ट आहे. शर्टाच्या आतील पट्टीवर साधारणपणे शिलाईचाच देश लिहिलेला असतो.

दोन गैरसमज इथेच दूर करावेत. बारकोडच्या पहिल्या तीन आकड्यांवरून वस्तूचा देश ओळखता येतो, असे संदेश वरचेवर फिरत असतात. 890 म्हणजे भारत, 690 ते 699 म्हणजे चीन, असे त्यांत लिहिलेले असते. हे आकडे बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस 1 या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या कोणत्या देशातील शाखेने त्या कंपनीला क्रमांक दिला एवढेच सांगतात. भारतात नोंदणी केलेली कंपनी पूर्णपणे आयात केलेला माल 890 ने सुरू होणाऱ्या बारकोडखाली विकू शकते, आणि विकतेही. दुसरा गैरसमज दर्जाच्या चिन्हांबद्दलचा आहे. भारतातील आयएसआय किंवा युरोपातील सीई ही चिन्हे वस्तू ठरलेल्या निकषांना उतरते, असे सांगतात. ती कुठे बनली हे सांगत नाहीत. परदेशी कारखान्यांनाही आयएसआय चिन्हाचा परवाना मिळतो.

पाचवी पायरी: विचारावे

लेबलवर जे नाही ते विचारल्याशिवाय कळत नाही. दुकानदाराला ‘हे देशी आहे का’ असे विचारले, तर उत्तर बहुधा ‘हो’ असेच येते, कारण गिऱ्हाईक काय ऐकू इच्छिते हे त्या प्रश्नातच असते. त्याऐवजी माल कोणत्या गावाहून येतो, बिघडल्यास सुटा भाग कुठून मागवता आणि किती दिवसांत मिळतो, असे विचारावे. सुटा भाग देशातल्या कारखान्यातून चार दिवसांत येतो की परदेशातून दोन महिन्यांनी, यावरून वस्तूच्या मुळाचा चांगला अंदाज येतो. उत्पादकाला ईमेल पाठवायचा असेल तर प्रश्न नेमका आणि लहान असावा: या मॉडेलची जुळणी कोणत्या कारखान्यात होते आणि मुख्य भाग कोणत्या देशातून येतात. उत्तर न येणे किंवा उत्तरात नुसतेच देशप्रेम येणे, हेही एक प्रकारचे उत्तरच समजावे.

ब्रिटनमध्ये 1968 च्या सुरुवातीला ‘आय ॲम बॅकिंग ब्रिटन’ नावाची मोहीम जोरात सुरू झाली होती. सर्बिटन येथील एका कंपनीतील पाच टंकलेखिकांनी रोज अर्धा तास विनावेतन जास्त काम करण्याची तयारी दाखवली आणि त्यातून ती देशभर पसरली. मोहिमेची घोषणा छापलेले टी-शर्टही बाजारात आले, आणि ते पोर्तुगालमध्ये बनलेले निघाले. ब्रिटिश टी-शर्ट त्या किमतीत मिळत नाहीत, असे घाऊक विक्रेत्याचे म्हणणे होते.

सहावी पायरी: किमतीचा हिशेब मांडावा

देशी वस्तू महाग असेल तर किती जास्त पैसे द्यावेत, हा प्रश्न भावनेवर सोडू नये. समजा, आयात केलेल्या वस्तूची किंमत 100 आहे. त्यातले 60 परदेशी उत्पादकाला जातात. उरलेले 40 आयातशुल्क, वाहतूक, गोदाम आणि दुकानदाराचा नफा या रूपाने देशातच राहतात. तिच्याऐवजी देशात जुळणी झालेली 130 ची वस्तू घेतली आणि तिच्यात 65 चे सुटे भाग आयात केलेले असतील, तर देशात 65 राहतात. वरवर पाहता 40 पेक्षा 65 बरे. पण आयात वस्तू घेणाऱ्याच्या हातात 30 शिल्लक उरले आहेत. ते त्याने एखाद्या देशी सेवेवर खर्च केले आणि त्यातले 25 देशात राहिले, तर त्याची बेरीजही 65 होते. म्हणजे देशाला फरक काहीच पडला नाही. तीच 130 ची देशी वस्तू आयातीच्या फक्त 20 च्या मालातून बनलेली असती, तर देशात 110 राहिले असते, आणि तिथे 30 जास्त देणे सार्थकी लागले असते.

हे आकडे केवळ उदाहरणासाठी धरलेले आहेत आणि प्रत्यक्षात ते कोणालाच अचूक माहीत नसतात. तरीही त्यांवरून एक कामचलाऊ नियम निघतो. ज्या वस्तूंत देशातली मेहनत आणि देशातला माल यांचा वाटा मोठा आहे, अशा लाकडी फर्निचर, हातमागाचे कापड, मातीची व काचेची भांडी, चामड्याच्या वस्तू, छापील साहित्य यांच्यासाठी जास्त किंमत द्यायला हरकत नाही. ज्यांत आयात केलेले भाग केवळ एकत्र जोडलेले असतात, त्यांच्यासाठी जास्त किंमत देऊ नये. किंमत आणि दर्जा सारखा असेल तर मात्र देशी जुळणी निवडावी.

दर्जाच्या बाबतीत सवलत देऊ नये, हे थोडे कठोरपणे सांगावेसे वाटते. शिवण उसवणारी पिशवी देशी म्हणून पुन्हा घेत राहिले, तर उत्पादकाला सुधारण्याचे कारणच उरत नाही. ब्रिटनने 1887 च्या कायद्याने परदेशी मालावर मूळ देश लिहिण्याची सक्ती केली, ती जर्मन माल ओळखून ग्राहकांनी तो टाळावा या हेतूने. पण जर्मन कारखानदारांनी दर्जा वाढवला आणि ‘जर्मनीत बनलेले’ हेच शब्द पुढे त्यांच्या मालाची शिफारस बनले.

सातवी पायरी: लहान उत्पादकांशी व्यवहार शिकून घ्यावा

मोठ्या कारखान्याच्या मालापेक्षा सुतार, विणकर, चर्मकार किंवा घरगुती उद्योग चालवणारा गट यांच्याकडून घेताना पद्धत वेगळी ठेवावी लागते. त्यांच्याकडे तयार साठा कमी असतो, म्हणून मागणी आधी नोंदवावी आणि माप, लाकडाचा किंवा कापडाचा प्रकार, रंग आणि मुदत हे सर्व लिहून द्यावे. आगाऊ रक्कम मागितली तर ती अविश्वासाची खूण मानू नये, कारण कच्चा माल घेण्यासाठी त्यांना खेळते भांडवल लागते. मात्र पूर्ण रक्कम आधी देऊ नये आणि दिलेल्या रकमेची पावती घ्यावी. काम पूर्ण झाल्यावर उरलेले पैसे त्याच दिवशी द्यावेत. लहान उद्योग नफ्याअभावी जितके अडचणीत येतात तितकेच अडकलेल्या येण्यांमुळेही येतात, त्यामुळे वेळेवर दिलेले पैसे ही मोठीच मदत असते. वस्तूत काही उणे असेल तर दुसरीकडे जाण्याआधी त्यांना स्पष्ट सांगावे. पुढची वस्तू त्यामुळे सुधारते.

आठवी पायरी: कुठे आग्रह धरू नये ते ठरवावे

औषधे, वैद्यकीय उपकरणे, हेल्मेटसारखी सुरक्षेची साधने यांत आधी गुणवत्ता पाहावी आणि मूळ देशाचा विचार नंतर करावा. देशातल्या उत्पादकाला लागणाऱ्या यंत्रांचेही तसेच आहे: शिलाई करणाऱ्याने चांगले आयात यंत्र घेतले तर त्यातून तयार होणारा कपडा देशीच असतो आणि तो जास्त चांगला होतो. सगळेच देशात बनवावे, हा विचार अर्थशास्त्रात टिकत नाही. प्रत्येक देशाने तुलनेने जे स्वस्तात बनते ते बनवून बाकीचे व्यापारातून घेतल्यास दोघांचाही फायदा होतो, हे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी 1817 मध्ये इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालची वाइन यांच्या उदाहरणाने दाखवले होते. ग्राहकाची स्वेच्छेची निवड आणि सरकारने लावलेले भरमसाट शुल्क यांतही फरक करावा. अमेरिकेने 1930 मध्ये स्मूट-हॉली कायद्याने आयातशुल्क वाढवले तेव्हा कॅनडासह अनेक देशांनी उलट शुल्क लावले, आणि निर्यातीवर जगणाऱ्या अमेरिकी उत्पादकांनाच त्याची झळ बसली.

नववी पायरी: खोट्या दाव्याची तक्रार करावी

देशी म्हणून विकलेली वस्तू आयात केलेली निघाली, तर बिल, खोक्याच्या सर्व बाजूंची छायाचित्रे, वस्तूवरील पट्टीचे छायाचित्र आणि ऑनलाइन घेतली असल्यास त्या पानाची प्रत जपून ठेवावी. विक्रीचे पान नंतर बदलले जाऊ शकते, म्हणून प्रत खरेदीच्या दिवशीच घेतलेली चांगली. प्रथम विक्रेत्याकडे लेखी तक्रार करून पैसे परत मागावेत आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण यंत्रणेकडे जावे. अशा तक्रारींचे काही होत नाही, हा समज बरोबर नाही. अमेरिकेत 2024 साली घरगुती वस्तू विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीला ‘अमेरिकेत बनलेले’ हा दावा खोटा केल्याबद्दल 31.75 लाख डॉलरचा दंड भरावा लागला, आणि तोही याच कारणासाठी आधी दिलेला आदेश मोडल्याबद्दल होता. तक्रारीत वस्तूचा मॉडेल क्रमांक, बॅच क्रमांक, खरेदीची तारीख आणि दाव्याचे नेमके शब्द लिहावेत. कंपनीच्या हेतूंविषयी काही लिहू नये, कारण चौकशी शब्दांची आणि कागदांची होते.